पुढचा धडा

पाऊस लांबला आणि रोपं मागायला कुणी फिरकलं नाही. शेडनेटखालची टोमॅटोची, मिरचीची रोपं ट्रेमध्येच लांबट आणि पिवळी पडत चालली. आधी मालक म्हणाला, शेंडे खुडा, थोडी दमानं वाढतील. बायकांनी खुडले. मग म्हणाला, राहू दे, उपटा आणि खड्ड्यात टाका. तेव्हा मात्र कुणाचा हात चालेना. स्वतःच्या बोटानं एकेक बी टोचून लावलेलं, झारीनं पाणी घातलेलं रोप मुळासकट उपटायचं म्हणजे जिवावर येतं. बायका मुकाट्यानं उपटत होत्या आणि रिकाम्या ट्रेंची थप्पी वाढत होती.

धाकटी या नर्सरीत लागून बरीच वर्षं झाली होती. चाळिशीला टेकलेली बाई; पण गावात अजून सगळे तिला धाकटीच म्हणत. तिच्या नखांत नारळाच्या भुशाचा तपकिरी रंग कायमचा बसलेला होता आणि वाकून वाकून कंबर अशी झाली होती की सरळ उभं राहायचं तर आधी गुडघ्यावर हात टेकावा लागे.

एके सकाळी मालकानं सगळ्यांना शेडच्या तोंडाशी बोलावलं. मान खाजवत उभा राहिला. त्यानं मान खाजवली की बातमी वाईट असणार हे बायकांना ठाऊक होतं.

"पुढच्या आठवड्यापासून निम्म्याच बायका," तो म्हणाला. "माझाही इलाज नाही. आणि राहतील त्यांच्यात एक दहावी पास पाहिजे. औषधांच्या साठ्याचा परवाना आहे ना, त्यावर पास झालेल्या माणसाचं नाव लागतं. भाचा होता माझा, तो गेला पळून शहरात. तुमच्यात आहे का कुणी?"

बायका हसल्या.

"सगळ्या सातवी," मागून चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे धाकटीच्याच वर्गातली, अंगानं एवढीशी आणि तोंडानं दहा जणींना भारी. "आमच्या गावात बायकांचं शिक्षण नदीपर्यंत येतं आणि तिथंच बसतं."

यावर कुणी हसलं नाही. धाकटीकडं कुणी बघितलंही नाही. सगळ्या मुद्दाम दुसरीकडं बघत होत्या, आणि ते तिला बघण्यापेक्षा जास्त लागलं.

गावातली शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नदीपलीकडं. मधे बुटका बंधारा, त्याच्यावरून माणसं पाय सांभाळत जायची. नाहीतर मग रस्त्यानं मोठ्या पुलापर्यंत लांबचा वळसा. धाकटीची मोठी बहीण, थोरली, गावातून हायस्कुलात जाणारी पहिली मुलगी. दहावीत होती. एका सकाळी ती बंधाऱ्याच्या मध्यावर असताना वरच्या धरणातून पाणी सोडलं. कोरड्या नदीला असं पाणी येतं तेव्हा आधी वारा येतो, मग आवाज, आणि आवाज आला की मग वेळच नसतो. थोरली खाली, झाडाच्या मुळांत अडकलेली सापडली.

मुलींना पलीकडं पाठवायचं नाही असं पुढं कुणी ठरवलं नाही. सभा झाली नाही, कुणी शपथ घातली नाही. त्या वर्षी कुणी गेलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग तसंच पडत गेलं. धाकटी तेव्हा तिसरीत होती. तीही सातवी झाली आणि घरी बसली. धरणावर भोंगा बसवला तो थोरलीनंतर. पाणी सोडायच्या आधी तो आता दोन्ही काठांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं वाजायचा, आणि तो वाजला की धाकटीची आई हातातलं काम टाकून उठायची आणि नदीकडं जायची. गावाला त्याची सवय झाली होती.

सुट्टीत मालकानं धाकटीला बाजूला घेतलं. "तू कर की दहावी. हिशेबाला पक्की आहेस. परीक्षेपर्यंत मी थांबतो."

"या वयात?"

"वय कोण बघतंय आता? माझी मेहुणी झाली की, नातवाला मांडीवर घेऊन."

धाकटी रोपं उपटत राहिली. पण संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यातून ते गेलं नाही.

*

चारा नेणाऱ्या टेम्पोत बसून, पुलावरून वळसा घालून ती हायस्कुलात गेली. ऑफिसातल्या कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "मुलीचा दाखला की प्रवेश?"

"माझा."

"तुमचा काय?"

"प्रवेश."

कारकुनानं चष्मा कपाळावर ढकलून तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "चल, आता गणवेशाचं माप घ्यायला पाहिजे." दोघं हसले. तिनं चपला उगाचच पायपुसण्यावर पुसल्या. निघावं असं मनात येतंय तोच आतून एक बाई आल्या. पांढऱ्या होत आलेल्या केसांच्या, बोटांना खडू लागलेल्या. त्यांनी तिला व्हरांड्यात बाकावर बसवलं.

"रोज मोठ्या गावाला रात्रशाळेत जाऊन शिकणं जमेल का?"

"नाही जमायचं. काम आहे. घरी आई आहे."

"घरी बसून अभ्यास करून परस्पर परीक्षा देता येते. पण समजावून द्यायला कुणी नसतं. निम्मे लोक मधेच सोडतात." बाई थांबल्या. "नाहीतर इथं रविवारी दुपारी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. विषय थोडे निवडता येतात. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. परीक्षाही इथंच."

"इथं? या शाळेत?"

"हो. का?"

"काही नाही."

व्हरांड्याच्या टोकाला दहावीचा वर्ग होता. दार उघडं होतं. आतल्या खिडक्यांतून नदी दिसत होती, आणि नदीपलीकडं तिचं स्वतःचं गाव. इकडून ते गाव किती जवळ दिसतं हे तिला माहीत नव्हतं.

आई घरात वाटाणे सोलत बसली होती. तिची नजर मंदावली होती, कान मात्र तिखट. धाकटीनं सगळं सांगितलं. आई सोलत राहिली.

"कुठून जाणार?"

"पुलावरून."

"लांब आहे."

"हो."

"बंधाऱ्यावरून नाही."

"नाही, आई."

धाकटीचा नवरा बोअर मारणाऱ्या गाडीवर होता. लग्न झालं तेव्हा तोच इकडं राहायला आला, कारण आईला नदीपासून हलवणं कुणालाच जमलं नसतं. पाऊस नाही म्हणून त्याला उसंत नव्हती. लोक जमिनीला भोकं पाडून पाडून पाणी शोधत होते आणि तो महिनोन् महिने लांब. फोनवर म्हणाला, "कर, कर. पण पास झालीस की मला 'अहो' म्हणायचं सोडशील."

"आत्ता तरी कुठं म्हणते?"

"तेही खरंच."

*

पहिले काही रविवार टेम्पो मिळाला. मग चारा संपला आणि टेम्पोही बंद झाला. पायी वळसा घालायचा तर वर्ग सुटेपर्यंत ती पोचायची नाही. एका रविवारी ती बंधाऱ्याशी जाऊन उभी राहिली.

नदीत नावाला पाणी होतं. दगडांच्या मधून बारीक धार वाहत होती. तिनं चपला काढून हातात घेतल्या, पिशवी पाठीशी बांधली आणि पाय टाकला. दगड उन्हानं वर तापलेला आणि कडेला शेवाळानं थंड. मध्यावर आल्यावर तिचे कान आपोआप वरच्या बाजूला लागले. वारा नव्हता. काहीच नव्हतं. तरी पलीकडं पोचेपर्यंत तिनं श्वास पुरता सोडला नाही.

संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा आई चुलीपाशी होती. मान न वळवता म्हणाली, "पायाला शेवाळाचा वास येतोय."

आईनं चुलीतलं लाकूड फार जोरात आत सारलं.

रविवारचा वर्ग त्या दहावीच्याच खोलीत भरायचा. वर्गात एक ट्रकचालक होता, एक शिंपी, पोलीस चौकीत झाडलोट करणाऱ्या एक आजीबाई, आणि आणखी काही जण. बाकं पोरांसाठी केलेली. मोठ्यांचे गुडघे वर येत. ट्रकचालक म्हणायचा, "गिअर टाकायलाही जागा नाही." धाकटी खिडकीकडच्या बाकावर बसायची, आणि का कोण जाणे, नेहमी कडेला. निम्मं बाक मोकळं राहायचं. एकदा शिंप्याच्या बाकाचा पाय मोडला आणि तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"इथं कुणी आहे का?"

"आहे," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

शिंप्यानं रिकाम्या जागेकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि तो मागं जाऊन बसला. बाईंनीही पाहिलं. धाकटीला कानापर्यंत लाज वाटली, पण ती मधे सरकली मात्र नाही.

*

घरी अभ्यास करायचा तो संध्याकाळी, आई स्वयंपाक करत असताना, दारातल्या उजेडात. धाकटीला मनात वाचून काही कळत नसे. मोठ्यानं वाचलं की थोडं आत जाई. त्या दिवशी तिनं शास्त्राचं पुस्तक उघडलं. प्रकाशाचा धडा.

"आपाती किरण," ती अडखळत वाचू लागली, "परावर्तित किरण आणि स्तंभिका..."

"एकाच प्रतलात असतात," आई म्हणाली.

धाकटीनं मान वर केली. आई पीठ मळत होती. तिला अक्षरओळख नव्हती. सही करायची तर अंगठा.

"काय म्हणालीस?"

"आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात," आई म्हणाली. शब्द तिचे नव्हते. आवाज तिचाच, पण चाल दुसऱ्याच कुणाची होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडा झोका दिलेली, वर्गात पोरी पाठ म्हणतात तशी. ती चाल तिनं लहानपणी याच दारात ऐकली होती. पुस्तकं बदलली होती, पण प्रकाशाचा नियम काही बदलला नव्हता, आणि थोरली तो याच उजेडात बसून मोठ्यानं घोकायची. आई तेव्हाही पीठच मळत असणार.

त्यानंतर रोज तसंच होऊ लागलं. धाकटी वाक्य सुरू करायची, आई संपवायची. कधी शब्द मोडके असायचे, अर्थ न कळता कानात राहिलेले, पण क्रम बरोबर. आईला तरतरी आली. ती दुपारपासूनच विचारायची, "कधी बसतेस वाचायला?" जेवण जास्त जाऊ लागलं. आणि एके दिवशी सहजच म्हणाली, "थोरले, तो तांब्या दे इकडं."

धाकटीनं तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशीही दिला. आई इतकी सुखात दिसत होती की दुरुस्त करायला तिची जीभ उचलेना. आई रविवारी विचारायची, "थोरली आली नाही अजून?" आणि धाकटी समोर उभी राहून म्हणायची, "येईल मागून." मग आतल्या खोलीत जाऊन उगाचच अंथरुणाच्या घड्या घालत बसायची.

नवऱ्याला तिनं फोनवर सांगितलं. पलीकडं यंत्राची घरघर चालू होती. तो म्हणाला, "तू हो म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

परावर्तनाचा धडा संपला तेव्हा धाकटीनं पान उलटलं. पुढचा धडा अपवर्तनाचा. "प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना..." ती थांबली. आई वाक्य पुरं करील म्हणून थांबली. चुलीवर पाणी उकळत होतं. आईचा हात पिठात तसाच रुतलेला.

"हे नाही," आई म्हणाली.

"पुढचा धडा आहे, आई."

"हे तिचं नाही. इथपर्यंत ती आली नव्हती. मागचं वाच."

"मागचं झालं माझं. परीक्षेला हेही आहे."

"मागचं वाच म्हणते ना!" आई उठली आणि पिठाच्या हातांनी पुस्तक ओढून घेतलं. धाकटीनं सोडलं नाही. दोघी क्षणभर पुस्तक धरून उभ्या राहिल्या. आईच्या मनगटांत केवढी ताकद होती! शेवटी धाकटीनंच सोडलं. सकाळी पुस्तक घरात कुठंच नव्हतं. आईला विचारलं तर ती भिंतीकडं तोंड करून बसून राहिली.

*

पुस्तक सापडलं जळणाच्या ढिगाखाली. धाकटीनं ते फडक्यात गुंडाळून नर्सरीत नेलं आणि खतांच्या पोत्यांमागं ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत ती तिथंच बसून वाचायची.

एकदा चिमणी पोत्यांवरून डोकावली. "काय गं, चोरून खातेस?"

"वाचतेय."

चिमणी समोर येऊन बसली. निम्म्या बायकांना काढलं त्यातून ती वाचली होती. त्यामुळं तिला आनंद व्हायचा सोडून चिडचिड होत होती. ती थोडा वेळ धाकटीचे हलणारे ओठ बघत राहिली.

"एक बोलू?" ती म्हणाली. "राग आला तर येऊ दे. तुझ्या बहिणीपायी आमच्या सगळ्यांची शाळा सुटली. मला जायचं होतं पलीकडं. माझा बाप तयार होता. मी वहीला कव्हरसुद्धा घातलं होतं."

"ती मुद्दाम नाही गेली."

"मला माहीत आहे ते! म्हणून तर कुणावर रागवताही येईना. इतकी वर्षं रागवायला माणूस शोधतेय मी."

धाकटीनं पुस्तक मिटलं. चिमणीनं नाक पुसलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी पोरगी यंदा सातवीत आहे. काल घरात विषय निघाला. सासरे म्हणाले, नदी आहे मधे. बस्स. एवढंच. 'नदी आहे मधे.'"

चिमणीनं तिच्या हातातून पुस्तक घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं. "कुठलं चाललंय? सांग. मी बघते, तू म्हण. चुकलीस तर टपली."

त्या दिवसापासून रोज धाकटी म्हणायची आणि चिमणी बोट ठेवून बघायची. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी का दिसते हे दोघींनी झारीच्या पाण्यात काठी घालून बघितलं. काठी खरंच वाकडी दिसली. मालक मागं येऊन उभा राहिला तेव्हा चिमणी म्हणाली, "बघता काय? तुमच्याच परवान्याचं चाललंय."

*

शास्त्राच्या पेपरच्या सकाळी धाकटीनं आईला चिमणीवर सोपवलं. "भोंगा वाजला तर सोडू नकोस तिला."

"हाताला बांधून घेते," चिमणी म्हणाली.

आई दारात बसली होती. धाकटी समोरून गेली तरी तिनं वर बघितलं नाही. पुस्तकाच्या भांडणापासून ती कमी बोलत होती आणि कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती.

बंधारा कोरडा होता. धाकटी पलीकडं गेली. परीक्षेला प्रत्येक बाकावर एकच माणूस. तिचा नंबर खिडकीजवळच आला होता. तिनं उत्तरपत्रिका बाकाच्या कडेशी घेतली, कोपर आवरून धरलं. शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखं ते झालं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तरी कोपर तिनं तसंच ठेवलं.

बऱ्यापैकी जमत होतं. निम्मा पेपर झाला आणि भोंगा वाजला.

वर्गातल्या बाकी कुणी मानही वर केली नाही. पोलीस चौकीतल्या आजीबाई लिहीत होत्या, शिंपी छताकडं बघत होता. धाकटीचा हात थांबला. भोंगा लांबत गेला, थांबला, पुन्हा सुरू झाला. आई उठली असणार. चिमणीच्या हाताला हिसडा देऊन निघाली असणार. आईच्या मनगटातली ताकद तिला माहीत होती. आणि आज आईला वाटत होतं की आपली मुलगी पलीकडं शाळेत गेली आहे. पाणी यायच्या आत तिला परत आणायचं म्हणून ती बंधाऱ्यावर उतरली तर?

धाकटी उभी राहिली.

"काय झालं?" पर्यवेक्षक म्हणाले.

"मला जायचंय. नदीवर."

"आत्ता गेलात तर परत बसता येणार नाही."

ती उभीच होती. खिडकीतून बंधारा दिसत नव्हता; नदीचा वरचा पट्टा तेवढा दिसत होता, अजून पांढरा, कोरडा. धावली तरी पाण्याच्या आधी ती पोचणार नव्हती. हे तिला कळत होतं आणि पाय ऐकत नव्हते. वर्गभर माणसं तिच्याकडं बघायला लागली. मग नदीवरून वारा आला. टेबलावरचे कागद फडफडले. पर्यवेक्षकांनी त्यांवर डस्टर ठेवलं.

धाकटी खाली बसली. पुढचा प्रश्न समोर होता. पाण्यात पाहिले असता तळ आहे त्यापेक्षा वर उचललेला का दिसतो?

तिनं तो प्रश्न पुन्हा वाचला. बाहेर आवाज आला, लांबून दगड ओतल्यासारखा, मग जवळ. तिनं पेन धरलं. शब्द ओळीवरून खाली उतरत गेले. पाण्यातून हवेत येताना किरण स्तंभिकेपासून दूर वाकतो. म्हणून तळ जवळ भासतो. प्रत्यक्षात तो खोल असतो. ती शेवटच्या वाक्यापाशी थांबली, मग पूर्णविराम दिला आणि पुढचा प्रश्न घेतला. उरलेला पेपर तिनं कसा लिहिला हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

*

पेपर दिला आणि ती पळत सुटली. काठावर येऊन पाहते तर बंधारा पाण्याखाली. गढूळ पाणी दोन्ही काठांना भिडून चाललं होतं. पलीकडं आई उभी होती. पायांत पाणी, केस सुटलेले. चिमणीनं मागून तिच्या कंबरेला मिठी मारली होती आणि टाचा चिखलात रोवल्या होत्या. आई जिवंत होती. धाकटी होती तिथं बसली.

"मागं फिर!" आई ओरडत होती. "थोरले, मागं फिर!"

इकडच्या काठावर एक म्हातारा गवळी म्हशी वर हाकत होता. तो धाकटीला म्हणाला, "लक्ष नका देऊ, बाई. पाणी सुटलं की येते ती. पोरगी गेली तिची इथं."

"माझी आई आहे ती."

गवळ्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "तुमची? तिला तर एकच होती ना?"

धाकटी उठली, पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि ओरडली, "आई! मी पोचले! पलीकडं आहे मी! कोरडी आहे!"

पाण्याच्या आवाजात निम्मं वाहून गेलं. आईचं ओरडणं थांबलं. तिनं कपाळावर हात धरला. तिला दिसत नव्हतंच. काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" धाकटीनं विचारलं.

गवळ्याचा कान नदीच्या आवाजाला सरावलेला होता. "कोण, असं विचारतेय."

"धाकटी!" ती ओरडली. "मी धाकटी!"

गवळ्यानं तोंडाभोवती हात धरले आणि म्हशी हाकायच्या आवाजात हाळी दिली, "धाकटी म्हणतेय हो! धा-क-टी!"

पलीकडं चिमणी आईच्या कानात काहीतरी सांगत होती. एक फांदी पाण्यावरून गरगरत गेली. मग आईनं हात खाली घेतला आणि ओरडली. धाकटीला शब्द लागले नाहीत. तिनं गवळ्याकडं पाहिलं.

"विचारतेय," गवळी म्हणाला, "पेपर कसा गेला?"

*

पाऊस शेवटी आला, उशिरा का होईना. नर्सरीत ट्रे पुन्हा भरले आणि काढलेल्या बायका एकेक करून परत आल्या. निकाल बाईंनी मालकाच्या फोनवर कळवला.

"गणित राहिलं, बाकी सगळं निघालं," धाकटीनं मालकाला सांगितलं.

"राहिलं म्हणजे नापास?"

"राहिलं म्हणजे राहिलं. तेवढंच पुन्हा द्यायचं."

मालकानं मान खाजवली. "बरं. तोवर मेहुणीचंच नाव राहू दे. पण पुढच्या वेळी तरी काढ बाई, ती माझ्याशी बोलायला लागलीय मालकिणीसारखी."

चिमणी त्याच आठवड्यात पोरीला घेऊन हायस्कुलात जाऊन आली. वळसा घालून, पुलावरून. शेजारच्या आणखी दोघी पोरी निघाल्या तेव्हा सासऱ्यांनीच टेम्पोवाल्याला गाठून रोजचं ठरवलं. नदी मधे आहे, असं ते अजूनही म्हणत. पण म्हणून झाल्यावर टेम्पो आला का ते दारात येऊन बघत.

संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा आई ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. नदीकाठच्या त्या दिवसापासून आईनं तिला एकदाही थोरली म्हटलं नव्हतं. धाकटीला वाटत होतं, संपलं ते.

"आला का निकाल?" आईनं विचारलं.

"आला. गणित राहिलं. बाकी पास."

"शास्त्रात?"

"चांगले मिळाले."

आईनं एक शेंग मोडली, दाणे अंगठ्यानं पाटीत सारले. "आणि थोरलीचा?"

धाकटी उंबऱ्यात थांबली. एक पाय आत, एक बाहेर. लागेल नंतर, हे दोन शब्द तिच्या ओठांवर तयार होते. सोपे होते. आई खुश झाली असती आणि जेवली असती.

"आई," ती म्हणाली, "थोरलीनं परीक्षा दिलीच नाही. त्याच्या आधीच गेली ती. बंधाऱ्यावर."

त्या घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं. बाप गेला तोही न बोलता गेला. धाकटीनं डोळे मिटून घेतले, आता आई ओरडेल म्हणून. आईनं आणखी एक शेंग मोडली.

"हो," ती म्हणाली.

धाकटीनं डोळे उघडले. "तुला माहीत होतं?"

"मला माहीत नसेल? मीच तर ओळखली तिला, तिथं खाली." आईचे हात थांबले. मंद डोळ्यांनी ती धाकटीचा चेहरा शोधत होती. "तू लहान होतीस. इथंच उंबऱ्यात उभी होतीस, सगळी माणसं जमली तेव्हा. नंतर तू कधी काही विचारलं नाहीस. कधी नाव काढलं नाहीस. मला वाटायचं, हिला कुणी सांगितलंच नसेल. अजून तिची वाट बघत असेल."

धाकटी हळूहळू तिच्यासमोर खाली बसली. कंबरेतून कळ गेली.

"बघत होते," ती म्हणाली.

आईनं शेंगांची टोपली दोघींच्या मधे सरकवली.